रक्त जास्त झालेला माणूस

परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, आपल्या घरात कुणाला रक्ताचा आजार होता का? इथे डॉक्टरांच्या फॉर्मवर लिहायचंय." मी हो म्हटलं, तर म्हणालीस, "एका ओळीत सांग, जागा तेवढीच आहे." एका ओळीत सांगायचं तर तुमच्या आजोबांच्या हाडांतली मज्जा गरजेपेक्षा जास्त रक्त तयार करत होती, आणि हा आजार सहसा आईबापांकडून मुलांकडे येत नाही. तेवढं लिही आणि मोकळी हो. बाकीचं मी तुम्हा सगळ्यांसाठी इथे लिहिते, कारण ती ओळ खरी असली तरी तिच्यात तुमच्या पणजी नाहीत. आणि पणजींना वगळून आमच्या घरातलं साधं पडसंही सांगता येत नाही.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही वसईजवळ निर्मळच्या पुढे, वाडीत राहत होतो. मी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचे. माझं माहेर वांद्र्याचं. तिथे औषधांच्या कपाटाला आतून यादी चिकटवलेली असायची. सासरी औषधांचं कपाटच नव्हतं, सासूबाई होत्या. तुमच्या या पणजींना मी आई म्हणायचे. त्या आमच्या वाडीची घरची बोली बोलायच्या. तुम्हाला कळावी म्हणून मी ती सरळ मराठीत उतरवते आहे, त्यात तिचा अर्धा तिखटपणा जातो हे माहीत असून.

आजोबा बागायत बघायचे. केळी, मोगरा, सोनचाफा, थोडी भाजी. सकाळी फुलांच्या टोपल्या सायकलला बांधून निघायचे, दुपारी जेवायला परत. चाळिशी ओलांडलेली, आणि चेहरा असा लालबुंद की लग्नाच्या फोटोत नवरी सोडून लोक यांनाच बघत. आईंना त्याचा भारी अभिमान. "माझ्या पोराचा गाल दाबला तर रक्त टपकेल," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, आणि रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आलं की मीठमिरची ओवाळून टाकायच्या. फादरांना हे माहीत नव्हतं.

मग खाज सुरू झाली. अंगावर पुरळ नाही, काही नाही, पण गरम पाण्याने आंघोळ केली की पाच मिनिटांत अंगभर खाज. तुमचे आजोबा टॉवेल गुंडाळून अंगणात धावत यायचे आणि फणसाच्या खोडाला पाठ घासत उभे राहायचे. शेजारीण कुंपणावरून ओरडायची, "वहिनी, तुमचा रेडा सुटलाय!" मी रीतसर तपास केला. चार साबण, प्रत्येकी एक आठवडा, वहीत नोंद. चारही साबण निर्दोष निघाले. आईंचं म्हणणं पडलं की आंघोळच बंद करावी. आजोबांना ते लगेच पटलं, म्हणून मला त्यांना डॉक्टरकडे न्यावं लागलं. शिवाय डोकं दुखायचं, कधी पायाचा अंगठा सुजायचा, ते त्यांनी मला डॉक्टरांसमोरच पहिल्यांदा सांगितलं.

वसईच्या डॉक्टरांनी तळहात बघितले, डोळे बघितले, पोटाच्या डाव्या बाजूला दाबून बघितलं आणि चिठ्ठी देऊन आम्हाला मुंबईला एका मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे कमरेच्या मागच्या हाडात सुई घालून मज्जा काढली. बाहेर आल्यावर आजोबा एवढंच म्हणाले, "नारळ सोलताना नारळाला काय वाटत असेल ते आज कळलं."

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीवर बसवून नीट समजावलं. हाडांच्या आत मऊ मज्जा असते. रक्तातल्या पेशी तिथे तयार होतात: तांबड्या, पांढऱ्या आणि रक्त गोठवणाऱ्या अगदी बारीक. शरीराला लागतील तेवढ्या करायच्या आणि थांबायचं, असा नियम. यांच्या मज्जेला थांबणं ठाऊक नाही. मग त्यांनी एक बारीक काचेची नळी उजेडात धरली. रक्त यंत्रात गरगर फिरवलं की तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं. धडधाकट पुरुषाच्या नळीत शंभरातले पंचेचाळीसच्या आसपास भाग तांबडे. आजोबांच्या नळीत एकसष्ट.

"मग बिघडलं कुठे?" आजोबांनी विचारलं. त्यांना आकडा आवडला होता.

"रक्त घट्ट होतं, हळू वाहतं, गुठळी होते. ती मेंदूत अडकली तर अर्धांग. हृदयात अडकली तर सांगायला नको."

"औषध काय?" मी विचारलं.

"रक्त काढायचं. एका वेळी एक बाटली. आकडा वर गेला की पुन्हा."

"मग ते कुणा गरजूला...?"

"नाही. ते फेकायचं."

परतीच्या वाटेवर मला आजाराची भीती होतीच. पण त्याहून जास्त भीती ते शेवटचं वाक्य घरी कसं सांगायचं याची होती.

घरी ओट्यावर निम्मी वाडी जमलेली. मी सांगितलं. आमच्या वाडीत सगळे एका वेळी गप्प झालेले मी तेव्हाच बघितले.

"रक्त जास्त?" आई म्हणाल्या. "जास्त रक्त हा रोग? मग जास्त पैसा हाही रोगच असेल."

"आई, घट्ट झालंय ते."

"घट्टच पाहिजे. पातळ दूध कोण घेतं?"

"आणि काढून फेकणार?" कोपऱ्यावरच्या घरातली म्हातारी छातीवर क्रूस करत म्हणाली. "ह्या वयाला येईपर्यंत आईने किती खायला घातलं असेल, ते फेकणार?"

मी शिक्षिका. समजावून सांगितलं की कळतं, यावर माझा तोपर्यंत विश्वास होता. दुसऱ्या दिवशी शाळेतून गुंडाळीचा फळा आणला, रंगीत खडू आणले आणि ओट्यावर हाडाची आकृती काढली. आतली मज्जा गुलाबी, तिच्यातून बाहेर पडणाऱ्या पेशी लाल.

"हे हाड कुणाचं?" आईंनी विचारलं.

"माणसाचं."

"एवढं मोठं? मला वाटलं म्हशीचं."

"मटणातली नळी आहे ती," शेजारीण म्हणाली. "अशा नळीतली मज्जा फार गोड लागते. पाया रात्रभर मंद आचेवर ठेवायचा..."

"मिरी घालता की नाही?" कोपऱ्यावरची म्हणाली, आणि पुढचा अर्धा तास माझ्या आकृतीसमोर पाया शिजवण्याची चर्चा झाली. मी फळा गुंडाळला.

त्या रविवारी मिस्सात प्रार्थनांची वेळ आली. एका बाईंनी पुढे येऊन वाचलं, "आपल्या वाडीतल्या एका आजारी बंधूचं रक्त वाढावं म्हणून आपण प्रार्थना करू या." सगळं चर्च एका आवाजात म्हणालं, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." आईंचा आवाज सगळ्यांच्या वर. चिठ्ठी कुणी दिली ते मला विचारावं लागलं नाही. आजोबाही भक्तिभावाने म्हणाले. तोंड मिटून उभी होते ती मी एकटी.

मिस्सा संपल्यावर मी फादरांना गाठलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे रक्त कमी व्हावं अशी प्रार्थना करायची?"

"हो, फादर."

"एका बाईने आपल्या नवऱ्याचं रक्त कमी व्हावं म्हणून..." त्यांनी वाक्य अर्धं सोडलं. पुढच्या रविवारी त्यांनी मधला मार्ग काढला: बंधूचं रक्त जितकं हवं तितकंच राहावं. बाहेर पडताना एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "असं मोजूनमापून देवाकडे मागणं तुम्हा इंग्रजी शिकलेल्यांनाच जमतं."

वसईच्या डॉक्टरांकडे दर आठवड्याला एक अशा पाच बाटल्या काढल्या. आकडा एक्कावन्नावर आला. मग महिन्याला एक ठरली. डोकेदुखी गेली, खाज कमी झाली, फणसाला विश्रांती मिळाली. मी कलेजी, खजूर, पालेभाजी सगळं घरातून बंद केलं, कारण ज्या लोहापासून रक्त होतं तेच मज्जेला कमी मिळावं, असं मुंबईच्या बाईंनी सांगितलं होतं. काय शिजलं आणि काय वाढलं ते वहीत लिहायचे. दोन महिन्यांनी आकडा बघितला. सत्तावन्न.

आणि त्याच आठवड्यात ते झालं. सकाळी आजोबा ओट्यावर मोगऱ्याची टोपली घेऊन उभे होते. टोपली हातातून सुटली. मला वाटलं निसटली. पण उजवा हात तसाच लोंबत राहिला. त्यांनी काही सांगायला तोंड उघडलं आणि नुसता आवाज निघाला, शब्द नाही. आई आणि मी दोघींनी त्यांना धरून खाली बसवलं. दहाएक मिनिटं गेली असतील. मग बोटं हलली, आणि आजोबा अगदी स्पष्ट म्हणाले, "फुलं उचला, पायाखाली येतील."

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "ही ताकीद आहे. पुढच्या वेळी हात परत येईलच असं नाही. तीन महिने देतो. आकडा पंचेचाळिसापर्यंत आला नाही तर गोळ्या सुरू कराव्या लागतील. त्या मज्जेला आवरतात, पण पुढे वीस वर्षांनी काय करतील याची खात्री नाही, आणि यांचं वय लहान आहे. हे खातात काय?"

"मी स्वतः वाढते," मी म्हटलं, आणि वही पुढे केली. डॉक्टरांनी चार पानं वाचली आणि म्हणाले, "मग मला कळत नाही." त्या वहीची मला अजून लाज वाटते.

पुढच्या मंगळवारी मी परीक्षेचे पेपर तपासायला घेऊन शाळेतून लवकर निघाले. शेजारणीच्या विहिरीला आजोबांची सायकल टेकवलेली. ओट्यावर आजोबा मांडी घालून बसलेले, पुढे कलेजीची थाळी, हातात पाव. समोर शेजारीण लोहाच्या टॉनिकची बाटली आणि चमचा घेऊन म्हणत होती, "आ करा, भावजी."

"काय चाललंय हे?" मी ओरडले.

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. तोंड हललं, पण शब्द निघेना. माझ्या हातातले पेपर खाली पडले. मग कळलं की तोंडात कलेजी आहे.

"आज मंगळवार ना, वहिनी," शेजारीण म्हणाली. "मंगळवार आमचा."

"तुमचा म्हणजे?"

"सोमवार कोपऱ्यावरच्यांचा, पाया. बुधवारी परत कलेजी, मागच्या घरी. शुक्रवारी आपल्यात मटण नाही, म्हणून बीट आणि खजूर. टॉनिक रोज, ज्याचा वार त्याने द्यायचं. रविवारी सुट्टी."

"रविवारी का सुट्टी?"

"रविवारी तुम्ही घरी असता."

मला वाटायचं, घरात शिस्त फक्त माझ्याकडे आहे. आजोबांना मी एवढंच विचारलं, "तुम्हाला कळत नाही?" ते घास गिळून म्हणाले, "अगं, एवढ्या प्रेमाने देतात, नाही कसं म्हणायचं? आणि वर तुझंही जेवायचं असतं. मला काय कमी त्रास आहे?"

घरी आले तर आणखी एक शोध लागला. आई चुलीपुढे. लोखंडी पळी निखाऱ्यांत लालभडक तापवलेली, आणि माझ्यादेखत त्यांनी ती डाळीत बुडवली. चर्र झालं. आमच्या डाळीला जो खमंग वास यायचा, ज्याचं मी पाहुण्यांसमोर कौतुक करायचे, तो हा. वहीत मी रोज लिहीत होते: साधी डाळ.

"तुम्ही वेळापत्रक केलंत?" मी म्हटलं.

"शाळा काय तुझ्या एकटीची आहे?"

"आई, त्यांचा हात गेला होता!"

"म्हणूनच! बाटल्या काढकाढून अंगातलं बळ गेलं, म्हणून टोपली पडली. तेव्हापासून मी बुधवार वाढवला. तुझा डॉक्टर काढतो, आम्ही भरतो. आम्ही नसतो तर माझं पोर आतापर्यंत रिकामं झालं असतं."

मी बरंच बोलले. त्यातलं इंग्रजी त्यांना कळलं नाही हे बरं झालं. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. दोन दिवस आजोबा दोघींच्या मध्ये निरोप पोचवत होते, आणि दोन्हीकडून खात होते की काय, याची मला खात्री नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी आमच्या बागायतीत गेले. आई केळीच्या बुंध्याशी वाकून कोयत्याने पिलं कापत होत्या. तुम्ही केळ फक्त दुकानात बघता, म्हणून सांगते. मोठ्या केळीच्या मुळाशी चहूबाजूंनी नवे कोंब फुटतात, त्यांना पिलं म्हणतात. ती कापत राहावं लागतं. मी नुसती बघत उभी राहिले. बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारलं, "सगळी का कापता?"

"एक ठेवायचं," आई केळीला सांगितल्यासारखं म्हणाल्या. "सगळी ठेवली तर गर्दी होते. घड पोसत नाही. वाऱ्यात आई केळच आडवी पडते."

"आणि कापल्यावर तिथेच शेणखत घातलं तर?"

"मग कापलं कशाला? दुप्पट फुटतील." त्या चिडून म्हणाल्या. "एवढी शिकलेली तू..."

कोयता थांबला. त्या माझ्याकडे वळल्या.

"त्याच्या हाडात पिलं फुटतायत?"

"हो."

"डॉक्टर कापतोय."

"हो, आई."

"आणि मी शेण घालतेय."

आई तिथेच बांधावर बसल्या. मग म्हणाल्या, "टोपली पडली ती... अशक्तपणाने नाही?"

"नाही. रक्त घट्ट झालं होतं."

"कलेजीने."

"कलेजीने, टॉनिकने... सगळ्यानेच थोडं थोडं."

त्यांनी पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मग जोरात म्हणाल्या, "तर मग हे पहिल्या दिवशी का सांगितलं नाहीस? फळ्यावर म्हशीचं हाड काढत बसलीस!"

तशाच, हातात कोयता घेऊन, त्या वाडीत घरोघर फिरल्या. मला चार महिन्यांत जे जमलं नाही ते त्यांनी दीड तासात केलं. कोयत्याचाही थोडा वाटा असेल, पण लोकांना खरंच कळलं. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "पिलं होय! मग आधी सांगायचं ना, वहिनी." टॉनिकची बाटली तिने माझ्या हवाली केली. मी ती डॉक्टरांना दाखवली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि बराच वेळ परत लावला नाही.

पण आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ती कोण मोडणार? आईंनी नवं वेळापत्रक केलं. सोमवारी दुधी, मंगळवारी पडवळ, बुधवारी पुन्हा दुधी. तीन महिने आमच्या घरात इतका दुधी होता की मी तो शाळेत वाटला. जेवणाबरोबर चहा घेतला तर लोह अंगी कमी लागतं, असं डॉक्टर म्हणाले. चहाला आई विष म्हणायच्या. आता आजोबांचा शेवटचा घास व्हायच्या आत कप पुढे यायचा. वाडीत कुणी म्हणालं, "पोरगा सुकलाय हो तुमचा," तर त्या ठणकावून सांगायच्या, "सुकलाय ना? बरं झालं!" आणि मग मागच्या दारी जाऊन बराच वेळ भांडी घासत बसायच्या.

तीन महिने झाले. त्या दिवशी आई पहिल्यांदाच आमच्याबरोबर डॉक्टरांकडे आल्या. तांबडं लुगडं, हातात जपमाळ. आत नळी फिरत होती. आजोबा आपली उजवी मूठ उघडत आणि मिटत बसले होते. टोपलीच्या दिवसापासून त्यांना ती सवय लागली होती, आणि आपण करतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी त्या मुठीकडे बघत होते. आईही तिकडेच बघत होत्या.

डॉक्टर नळी घेऊन बाहेर आले. पट्टीला लावून बघितली, मग खिडकीशी नेऊन परत बघितली.

"पंचेचाळीस," ते म्हणाले.

"पास?" आईंनी विचारलं.

"पास."

"वर्ग कितवा?"

"पहिला," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या नकोत. अधूनमधून बाटली काढायची, आणि आता चाललंय तसंच चालू द्या."

आई "बरं" म्हणाल्या, आणि बाहेर येऊन पायरीवर अशा बसल्या की आजोबांनाच त्यांना हात देऊन उठवावं लागलं. उजवा हात.

घरी येऊन त्यांनी बोंबील तळले. आजोबांनी भात संपवला आणि ताट थोडं पुढे सरकवलं. आई तवा घेऊन आल्या, वाकल्या आणि थांबल्या. या मुलाला वाढताना त्यांनी आयुष्यात कधी कुणाला विचारलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"देऊ?"

"द्या ना, आई. मासेच तर आहेत, कलेजी नाही."

"एक की दोन?"

"दोन द्या."

त्यांनी तीन वाढले, आणि मी काही म्हणायच्या आत तवा घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.